वर्षभराचा परदेश आणि श्रमाचे मोल

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला. त्यावर चर्चा झाली ती मुख्यतः आयात-निर्यातीची व जकातीची. त्याच कराराबरोबर आलेल्या एका सवलतीकडे मात्र प्रारंभी फारसे लक्ष गेले नाही. १८ ते ३० वर्षे वयाच्या एक हजार भारतीयांना दरसाल ऑस्ट्रेलियात वर्षभर राहण्याची, हिंडण्याची आणि मिळेल ते काम करून खर्च भागविण्याची मुभा तीमुळे मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सोडतीसाठी नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे ४० हजार अर्ज दाखल झाले. तरुण पिढीच्या आकांक्षांची कल्पना येण्यास एवढा आकडा पुरेसा आहे.

ही योजना नवी नाही. १९७५ साली ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंड या देशांतील तरुणांसाठी ती सुरू झाली. तिचा घोषित हेतू सांस्कृतिक देवाणघेवाण हा होता. तथापि विस्तीर्ण प्रदेश, तुरळक वस्ती आणि थोड्या दिवसांत उरकावी लागणारी फळांची तोडणी अशी जेथे स्थिती आहे, तेथे या पाहुण्या हातांचे महत्त्व उघड आहे. २००५ पासून ग्रामीण भागात तीन महिने हंगामी काम करणाऱ्यास मुक्कामाचे दुसरे वर्ष मिळू लागले. योजनेच्या नावात सुट्टी असली, तरी तिच्या मुळाशी मजुरांची गरज आहे, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

या चित्राला काळी बाजूही आहे. २०१७ पासून या तरुणांच्या मिळकतीवर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर बसविण्यात आला. देश सोडताना निवृत्तिनिधीतील रक्कम काढून घेतल्यास तिच्यातील ६५ टक्के सरकारजमा होतात. तोडलेल्या फळांच्या मापावर मजुरी देण्याच्या पद्धतीत पिळवणुकीस वाव होता. अखेर तेथील फेअर वर्क कमिशनने २०२१ मध्ये निर्णय दिला आणि एप्रिल २०२२ पासून अशा मजुरांनाही तासाच्या किमान वेतनाची हमी मिळाली. जुलै २०२४ मध्ये तेथील सर्वसाधारण किमान वेतन ताशी २४.१० डॉलर होते.

आपल्या दृष्टीने खरा बोध येथेच आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत राबण्यासाठी सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून मजूर येतात. गावातील पदवीधर त्या कामाकडे फिरकत नाही. तोच पदवीधर परदेशात द्राक्षे तोडण्यास किंवा उपाहारगृहात बश्या विसळण्यास आनंदाने तयार होतो. याला केवळ परदेशाचा मोह म्हणून भागणार नाही. डॉलरचे रुपये करून तुलना करणेही फसवे ठरेल, कारण तेथील घरभाडे व अन्नही महाग आहे. प्रश्न असा की, एका तासाच्या मजुरीत मजुराला काय विकत घेता येते आणि मजुरी बुडाल्यास त्याने दाद कोठे मागावी? श्रमप्रतिष्ठा व्याख्यानांनी येत नाही. ती वेतनाने आणि कायद्याच्या अंमलबजावणीने येते. १९४८ साली किमान वेतनाचा आणि १९७७ साली रोजगार हमीचा कायदा पाहिलेल्या महाराष्ट्राला हे नव्याने सांगावे लागू नये.

शिवाय ही संधी कोणाच्या वाट्याला येते, हेही पाहिले पाहिजे. शालेय शिक्षणानंतर किमान दोन वर्षांचे शिक्षण, गाठीशी ५ हजार डॉलर, म्हणजे २०२४ च्या दराने सुमारे पावणेतीन लाख रुपये, आणि वर विमानभाडे अशा अटी आहेत. सोडतीत नशिबाने नाव निघाले, तरी शेतमजुराच्या शिकलेल्या मुलीला हा उंबरठा ओलांडता येणार नाही. बँकांनी अल्प व्याजाने कर्ज दिले, विद्यापीठांनी करनियम व मजूरहक्क यांची आगाऊ माहिती दिली, तर हे दार थोडे अधिक उघडेल. परतलेल्या तरुणाचे ते वर्ष 'वाया गेले' असे न मानता मालकवर्गाने तो अनुभव समजला पाहिजे.

जाणारे जातील आणि बहुतेक परत येतील. येताना त्यांच्या पेटीत फार पैसे नसतील. परंतु मजुराशी बरोबरीने बोलावे आणि त्याचा दाम वेळेवर चुकता करावा, एवढी रीत जरी त्यांनी सोबत आणली, तरी ते वर्ष कारणी लागले असे म्हणता येईल.