वैशाखाचा वारा आणि खिरीचे चुलाण

वैशाख पौर्णिमा जवळ आली की विहाराच्या अंगणात चुलाण मांडले जाते. वंदना झाल्यावर सुजातेच्या खिरीची आठवण म्हणून वस्तीतल्या लहानथोरांना वाटीवाटी खीर वाटतात. भीमजयंतीचे भोजनही असेच उघड्यावर शिजते. पण दोन्ही सण ऐन उन्हाळ्यातले. दुपार कलली की वारा सुटतो, वळिवाचे ढग आले तर धूळ उडवीत येतो, आणि जाळ कुठे वळेल ते सांगता येत नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत असेच झाले. महिला मंडळाच्या एक ताई खीर ढवळीत होत्या. झुळूक आली आणि पदर चुलीत गेला. साडी नायलॉनची, ती नुसती जळत नाही, वितळून अंगाला चिकटते. कुणी हळद आणायला धावले, कुणी टूथपेस्ट. दहावीतल्या एका मुलीने मात्र पदर विझवल्याबरोबर पाण्याचे पिंप ओढले आणि ताईंच्या हातावर तांब्याने पाणी ओतत राहिली. डॉक्टर म्हणाले, पोरीने हात वाचवला.

भगिनींनो, भाजल्यावर साधे गार पाणीच, तेही वीस मिनिटे. बर्फ, शाई, हळद काही नको. सूज येण्याआधी बांगड्या काढाव्या, चिकटलेले कापड ओढू नये. स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना गाठावा. १०८ वर गाडी मिळते. अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळू नये, पळाल्याने जाळ वाढतो. माणसाला जमिनीवर आडवे करून घोंगडीत गुंडाळावे.

आडोशाला जयंतीचे जुने फ्लेक्स बांधायची आपल्याकडे खोडच आहे. ते प्लास्टिक! ठिणगी पडायचा अवकाश. त्यापेक्षा पत्रा किंवा विटा लावाव्या. मंडप, सरपणाचा ढीग आणि मुलांचा खेळ लांब असावा. वारा पाठीशी घेऊन ढवळले म्हणजे जाळ पलीकडे जातो, पण पदरही तिकडेच उडतो, म्हणून तो कमरेला घट्ट खोचावा. पुऱ्यांच्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकू नये, त्याने भडका उडतो. झाकण सरकवून जाळ बंद करावा.

गॅसची शेगडी असेल तर वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस मात्र चालूच राहतो. तो हवेपेक्षा जड, खाली साचतो. लगेच काडी ओढू नये. नळी बंद करून थोडे थांबावे.

राखेखाली निखारा तासन् तास जिवंत असतो, रात्रीच्या वाऱ्याने पुन्हा फुलतो. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे. पाऊस आला म्हणून निखाऱ्याची शेगडी खोलीत नेऊन दार लावणे तर जिवावरचे. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस झोपेतच जातो.

यंदा आमच्या मंडळाने चुलाण पहाटे पाचलाच पेटवायचे ठरवले आहे. नऊपर्यंत खीर उतरते, वारा त्यानंतरच सुटतो. पिंप भरून ठेवायचे काम त्याच मुलीकडे आहे. ती आता नर्सिंग शिकते.