चाकाखालची गोष्ट (भाग ९) : अडवणारा पाटा, जिरवणारा शॉकअप

उन्हाळ्यातली दुपार. नंदेश्वरच्या बाजूनं आलेली एक पिकअप मंगळवेढ्यातल्या गॅरेजसमोर येऊन थांबते. मालक उतरता उतरताच सांगतो, "मिस्त्री, गाडी लई उड्या मारायला लागलीय. नवे शॉकअप टाका. चांगले कडक बघा, यंदा माल जास्त भरायचाय."

मिस्त्री जॅक लावत नाहीत की पान्हा उचलत नाहीत. खाली वाकतात आणि उलट्या हाताची बोटं एकेका शॉकअपला क्षणभर टेकवतात. पुढचे दोन्ही गरम. मागचा डावा इतका तापलेला, की हात झटकन मागे येतो. मागच्या उजव्यावर मात्र बोटं निवांत टेकून राहतात. "ह्यो कवाच गेलाय, मालक. गार हाय बगा."

खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप गार राहणं म्हणजे काय, हे कळलं की शॉकअपचं निम्मं शास्त्र कळलं. आणि त्या मालकाच्या बोलण्यातली चूकही कळते, कारण शॉकअप कितीही कडक घेतला तरी तो एक किलोही जास्त माल उचलत नाही.

मागच्या भागात आपण पाट्यांबद्दल बोललो. गाडीचं आणि मालाचं वजन पाट्यांवर असतं. खड्ड्यात चाक आदळलं की तो दणका आधी पाटाच झेलतो. ‘शॉक ॲब्सॉर्बर’ हे नाव म्हणूनच थोडं फसवं आहे. पाटा धक्का घेतो खरा, पण घेतलेलं परत दिल्याशिवाय राहत नाही. वाकला की उसळतो, उसळला की पुन्हा वाकतो. ही उसळी कुठेतरी संपवावी लागते. आपल्या दुष्काळी पट्ट्यात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे शब्द लहान पोरालाही पाठ असतात. बांध पाणी अडवतो, जमीन ते जिरवते. गाडीखाली हेच काम दोघांत वाटलेलं आहे : पाटा अडवतो, शॉकअप जिरवतो.

तो उसळी जिरवतो ती तेलात. नळीत तेल असतं, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि त्या भोकांवर पोलादाच्या पातळ चकत्यांच्या झडपा. जनावरांच्या डॉक्टरांची सिरिंज आठवा. दट्ट्या हळू दाबला तर पाणी सहज येतं, झटक्यात दाबला तर अंगठा दुखतो. शॉकअपचंही तसंच. हालचाल जितकी वेगाची, तितका त्याचा विरोध मोठा. या झटापटीत चाकाच्या हालचालीतली ऊर्जा तेलात उष्णता बनते, तेलातून नळीच्या पत्र्यात येते आणि वाऱ्यावर जाते. म्हणून काम करणारा शॉकअप गरम होतो. गार राहिला तो नुसता लटकत होता आणि त्याच्या वाटणीची उसळी गाडीला, टायरला आणि मालाला सोसावी लागत होती.

आता निवडीकडे येऊ. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न कंपनीचा किंवा किमतीचा निघतो. तो शेवटी यायला हवा. आधी बघायचं, आपली गाडी कोणत्या रस्त्यावर, काय घेऊन चालते.

रत्नागिरी-सोलापूर महामार्ग आपल्या भागात चौपदरी झाल्यापासून मोठ्या रस्त्याची तक्रार कमी झाली. पण माल महामार्गावर पिकत नाही. तो भोसे, मरवडे, बोराळे, हुलजंतीकडच्या शिवारातून काढावा लागतो. इथली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटा धरतो. लांबून सपाट दिसतो, पण गाडी वर गेली की नावेसारखी डुलते. अशा लांब लाटेवर दट्ट्या सावकाश पण बरंच अंतर हलतो. तिथे उघडताना नीट धरून ठेवणारा शॉकअप लागतो. एरवीही शॉकअप दबताना कमी आणि उघडताना जास्त विरोध करतो. उघडतानाचा विरोध दुप्पट-तिप्पट असणं नेहमीचंच. दबताना तोच फार कडक केला, तर खडीच्या किंवा मुरुमाच्या वाटेवर दगडाचा प्रत्येक दणका पाट्याला चुकवून थेट चासीत शिरतो. ‘कडक म्हणजे चांगला’ हा समज इथेच फसतो. खडकावर पडलेलं पाणी जिरतं कुठे?

मालाचंही तसंच. शंभर किलोची पंधरा पोती मालदांडी हौद्यात भरली तर दीड टन वजन खाली, बसकं राहतं. गाडी दबते, पण फारशी डोलत नाही. त्याच ज्वारीचा कडबा भरा. वजन निम्म्याहून कमी, पण गंजी केबिनच्या वर दोन हात. वळणावर ती एका अंगाला झुकते आणि सावरताना दुसऱ्या अंगाला जाते. कडबा वाहणाऱ्याला वजनापेक्षा या झोक्याचा त्रास जास्त, आणि झोका आवरण्यात शॉकअपचा मोठा वाटा असतो. डाळिंबाची गोष्ट तिसरीच. क्रेटमधलं फळ सांगोल्याच्या किंवा सोलापूरच्या बाजारात पोचेपर्यंत बारीक थरथरीनं एकमेकांवर घासतं, डागतं. तिथे थोडा मऊ शॉकअप मालकाला दोन पैसे जास्त मिळवून देतो.

पिकअपची खरी पंचाईत पुढेच आहे. जाताना ती भरलेली असते, येताना रिकामी. आज बाजारात मिळणाऱ्या पिकअपची भारक्षमता साधारण १,३०० ते २,००० किलो आहे. उदाहरणापुरतं धरा, की मागच्या पाट्यांवर रिकाम्या गाडीचं वजन ६०० किलो येतं आणि भरल्यावर १,८०० किलो. वजन तिप्पट झालं. मग शॉकअपही तिप्पट ताकदीचा हवा का? नाही. पाट्याचा कडकपणा तोच राहिला, तर लागणारी जिरवण वजनाच्या वर्गमूळानं वाढते. तीनचं वर्गमूळ १.७३, म्हणजे पावणेदोन पटीच्या आसपास. खालचे मदतीचे पाटे टेकले, की कडकपणा वाढून हा आकडा आणखी थोडा वर जातो. पण अर्थ असा, की भरलेल्या गाडीला बरोब्बर बसणारा शॉकअप रिकाम्या गाडीला जवळपास दुप्पट कडक पडणार. रिकामी पिकअप स्पीड ब्रेकरवर मागून टणटण उडते, त्यात जाड पाट्यांचा दोष मोठा, पण वर अतिकडक शॉकअप बसवला तर दुखणं वाढतं. कंपनी यात मधला मार्ग काढते. आपण आपल्या फेऱ्या मोजायच्या. महिन्यातल्या बहुतेक फेऱ्या भरून होत असतील, तर एक पायरी जड शॉकअप घ्यावा. निम्म्याहून जास्त अंतर रिकामं जात असेल, तर कंपनीच्याच मापाचा बरा. कडकपणा कमी-जास्त करता येणारे शॉकअपही मिळतात. पण पोती उतरवल्यावर दर वेळी खाली वाकून खटका फिरवणारा ड्रायव्हर माझ्या तरी पाहण्यात नाही.

आता आतली रचना. स्वस्तातला आणि सर्वात जास्त चालणारा प्रकार दुहेरी नळीचा. आतल्या नळीत दट्ट्या, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि त्यावर थोडी हवा. खराब वाटेवर तासभर घुसळण झाली की ताक घुसळल्यावर येतो तसा तेलात फेस येतो. दट्ट्याला तेलाऐवजी फेस लागला की त्याचा विरोध ढिला पडतो. निघताना बरी वाटलेली गाडी तासाभरानं उड्या का मारते, त्याचं एक कारण हे. त्यावर उपाय म्हणून हवेऐवजी कमी दाबाचा नायट्रोजन भरतात. त्यालाच दुकानदार ‘गॅस शॉकअप’ म्हणतो. गॅस वजन उचलायला भरलेला नसतो, फेस रोखायला असतो.

दुसरा प्रकार एकेरी नळीचा. एकाच नळीत तेल, त्याच्यापासून सरकत्या चकतीनं वेगळा ठेवलेला नायट्रोजन आणि त्याचा दाब २० ते ३० बार. फेस जवळजवळ येत नाही आणि तेल थेट बाहेरच्या पत्र्याला लागून असल्यामुळे उष्णता लवकर निघते. फ्रेंच अभियंता द कार्बोन याची ही कल्पना जर्मनीच्या बिलस्टाईन कंपनीनं १९५०च्या दशकात कारखान्यात उतरवली. पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हा प्रकार मोहात पाडतो खरा. मात्र त्याचा दट्ट्या बाहेरच्या नळीलाच घासून चालतो. चाकानं उडवलेला एक दगड नेमका लागून पोचा पडला, की दट्ट्या अडकतो आणि शॉकअप बाद होतो. दुहेरी नळीत बाहेर पोचा पडला तरी आतली नळी बहुधा शाबूत राहते. म्हणून माझं मत असं : शिवारातून माल काढणाऱ्या पिकअपला जाड नळीचा, चांगल्या प्रतीचा, दुहेरी नळीचा गॅस शॉकअप. महामार्गावरच लांब पल्ला मारणाऱ्या गाडीला एकेरी नळी परवडली तर जरूर.

यानंतर माप, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. शॉकअपला दोन लांब्या असतात, पूर्ण उघडल्यावरची आणि पूर्ण दबल्यावरची. समजा तुम्ही मागे एक पाटा वाढवला आणि गाडी दोन इंच उचलली गेली. जुन्या मापाचा शॉकअप आता रिकाम्या गाडीत आधीच ताणलेला राहणार. चाक खड्ड्यात उतरलं की त्याची लांबी संपते आणि सगळा हिसका त्याच्या डोळ्यावर, बुशावर येतो. उलट शॉकअप गरजेपेक्षा लांब घेतला, तर गाडी दबल्यावर एक्सल रबरी स्टॉपरला टेकण्याआधी दट्ट्या तळाला आपटतो. दोन्ही गाड्यांचे मालक ‘शॉकअप टिकत नाहीत’ म्हणून दुकानदाराशी भांडतात. तेव्हा गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंत टेप लावा. आकडे कागदावर लिहून तोच कागद दुकानात न्या.

दुकानात नाव बघायचं ते यानंतर. गॅब्रिएल हे आपल्याकडचं जुनं नाव. १९६१मध्ये मुंबईत मुलुंडला सुरू झालेली ही कंपनी आज चाकण आणि नाशिकलाही शॉकअप बनवते. मन्रोसारखी परदेशी नावंही सहज मिळतात. नावाजलेल्या कंपनीचा नकली मालही तितक्याच सहज मिळतो. म्हणून खोक्यावरचा पार्ट नंबर आपल्या मॉडेलशी ताडून पाहा, पक्कं बिल घ्या आणि काउंटरवरच एक परीक्षा करा. शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा, पूर्ण ओढा. ओढताना जास्त जोर लागायला हवा आणि मध्ये कुठेही मोकळा झटका जाणवता कामा नये. गॅसचा असेल तर सोडल्यावर तो आपोआप हळूहळू वर येतो. जोडीतला दुसराही तसाच वागतोय ना, ते पाहा. दुहेरी नळीचा शॉकअप बसवण्याआधीही असाच उभ्यानं दाबून-ओढून आतली हवा काढावी लागते. खोक्यात आडवा पडून आलेला शॉकअप थेट बसवला, तर तो पहिल्या दिवसापासून खडखडतो. बदलताना एका एक्सलचे दोन्ही बदला. आणि बुशाचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. हवेत लटकत्या चाकानं आवळले, तर रबर कायमचं पिळलेलं राहतं.

पुन्हा त्या दुपारच्या मालकाकडे येऊ. त्याला कडक शॉकअप हवे होते ते जास्त माल भरण्यासाठी. मिस्त्रींनी त्याला कायदा सांगितला नाही, तो मी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये. पासिंगला लिहिलेली भारक्षमता शॉकअप बदलून वाढत नाही. ती ठरते पाटे, एक्सल, टायर, ब्रेक आणि चासी या सगळ्यांवरून.

मिस्त्रींनी मागचे दोन्ही बदलले, गाडीच्या मापाचे, एक पायरी जड. मालक हौद्यात दहा पोती टाकून बोराळ्याकडे चक्कर मारून आला. उतरल्यावर काही विचारायच्या आधी तो स्वतःच वाकला आणि उलट्या हाताची बोटं मागच्या उजव्या शॉकअपला लावली. लगेच काढली.

"तापलाय की," तो म्हणाला, आणि खिशात पैशासाठी हात घातला.

(पुढच्या भागात : टायर लाटा-लाटांनी झिजतो, तेव्हा दोष नेमका कुणाचा?)