हळकुंडाचा रंग : वरचा आणि आतला

हळदीच्या सौद्यात जुना व्यापारी ढिगाचा पिवळेपणा पाहून भाव बोलत नाही; एक हळकुंड उचलतो, मोडतो आणि मगच बोलतो. वरचा रंग पॉलिशच्या फिरत्या पिंपात चढविता येतो. आतला रंग मात्र जात, जमीन, शिजवण आणि वाळवण यांनीच येतो.

या आतल्या रंगाचे मुख्य द्रव्य म्हणजे कुरकुमिन. १८१५ साली ते प्रथम वेगळे काढण्यात आले आणि १९१० साली त्याची रासायनिक घडण निश्चित झाली. दाह शमविण्याचा जो गुण प्रयोगशाळांत दिसून आला, तो बव्हंशी याच द्रव्याचा. सामान्य हळदीत ते दोन ते पाच टक्के असते. मेघालयातील लाकाडोंग हळदीत सात टक्के आणि क्वचित त्याहूनही अधिक. गाभा जितका गडद नारिंगी, तितके ते सहसा जास्त. मात्र पोटात घेतलेले कुरकुमिन रक्तात फारच थोडे उतरते, मिरीच्या सोबतीने काहीसे अधिक. हळदीला सर्व रोगांचे औषध म्हणून खपविणाऱ्या बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे!

हा रंग उजेडाने विटतो. सांगलीजवळील हरिपूरच्या पेवांत, जमिनीखालच्या अंधारात, हळद वर्षानुवर्षे चांगली राहत असे. २००५ च्या महापुराने त्यांतील अनेक पेवे निकामी केली.

पुराचीच दुसरी हकिकत बांगला देशातील आहे, आणि ती आम्हां व्यापाऱ्यांना अधिक लागणारी आहे. तेथे १९८० नंतरच्या दशकात महापुराने भिजून निस्तेज झालेला माल उजळ दिसावा म्हणून हळकुंडांस लेड क्रोमेट हा शिशाचा पिवळा रंग लावण्याची रीत पडली, असे शोधकांना तेथील लोकांकडून कळले. माल खपला, पण शिसे घरोघर जेवणातून पोटात गेले. शिशाने लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. २०१९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाल्यावर तेथील सरकारने कडक तपासणी केली आणि २०२१ पर्यंत बाजारातील नमुन्यांतून ही भेसळ नाहीशी झाली. म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना भुलविण्यासाठी लावलेला रंग मनात आणल्यास दोन वर्षांत थांबविता येतो.

हळकुंड मोडून पाहता येते, पूड मोडता येत नाही. म्हणून पूड खरेदी करताना शिसे व कुरकुमिन या दोहोंचा प्रयोगशाळेचा दाखला मागावा. आणि आपण पूड विकत असू, तर गिऱ्हाइकाने मागण्याआधीच तो गादीवर ठेवावा.