रांगडी जीभ, पक्का हिशेब

निवडणूक ग्रामपंचायतीची असो वा लोकसभेची, हातकणंगले तालुक्यात एक वाक्य हमखास कानावर येतं. "बोलायला फटकळ हाय, पण माणूस आतबाहेर एक हाय. पोटात एक आणि ओठावर एक, असलं काय न्हाई." एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर, हेर्ले-रुकडीच्या पारावर, इचलकरंजीत वीज गेल्यावर मागाच्या दारात जमलेल्या कामगारांत, सगळीकडे हेच. म्हणणारा माणूस मनापासून म्हणतो आणि त्याचाच मला त्रास होतो. ज्या पुढाऱ्याला तो सचोटीचं प्रमाणपत्र देतो, त्याने ते ठरवून, बेतून मिळवलेलं असतं.

गैरसमज असा : सभ्यतेचे संकेत मोडून बोलणारा माणूस खरं बोलतो. वस्तुस्थिती अशी की संकेत मोडण्याचा आणि खरं बोलण्याचा एकमेकांशी संबंध नाही. शिवी देऊन खोटं बोलता येतं आणि अहो-जाहो करूनही खरं सांगता येतं. इतकी साधी गोष्ट वर्षानुवर्षं समजावून सांगावी लागते, कारण हा गैरसमज आपोआप पसरत नाही. तो पसरवावा लागतो आणि त्याचं तंत्र ठरलेलं आहे.

हे तंत्र सभेत मागे उभं राहून ऐकलं की स्पष्ट दिसतं. पुढारी आधी पाणी पितो, माइक जवळ ओढतो आणि म्हणतो, "मला म्हाईत हाय, हे बोललो की उद्या पेपरवाले तुटून पडणार, पुरोगामी मंडळी गळा काढणार. पण मी बोलणारच." अजून तो काहीच बोललेला नसतो, पण त्याचं अर्धं काम झालेलं असतं. उद्या जो कोणी आक्षेप घेईल, त्याच्यावर आजच शिक्का बसला. आता पुरावा मागणाराही ‘पुरोगाम्यांचा माणूस’ ठरतो. मग येतं ते वाक्य. ते कधी एखाद्या धर्माच्या लोकांवर असतं, कधी एखाद्या जातीच्या सवलतींवर, कधी बाईच्या कपड्यांवर. शिट्ट्या पडतात. अशाच एका सभेत मी स्टेजच्या कोपऱ्यात साउंडवाल्याचा पोरगा बघत होतो. ज्या समाजावर बोलणं चाललं होतं, तो त्याच समाजातला. त्याने मान वर केली नाही. आवाज कमी-जास्त करायची बटणं त्याच्या हाताखाली होती आणि भाषण संपेपर्यंत आवाज कुठे फाटू नये एवढंच तो बघत राहिला. त्या दिवसाची मजुरी त्याला हवी होती.

दुसऱ्या दिवशी गदारोळ झाला तर पुढची पायरी : "माझ्या बोलण्याचा विपर्यास केला." त्याहून जास्त झालं तर : "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे." आणि पुढच्या सभेला गर्दी वाढते, कारण आता तो ‘सगळ्यांना अंगावर घेणारा’ झालेला असतो.

खरी कसोटी या दिलगिरीतच आहे. ती कधी येते आणि कधी येत नाही, ते बघा. एप्रिल २०१३ मध्ये राज्य दुष्काळात होरपळत होतं. इंदापूर तालुक्यातल्या सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार धरणातल्या पाण्यावरून आणि उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्यावरून जे बोलले, ते सर्वांना आठवतं. बोलणं रांगडं होतं आणि समोर हशाही पिकला होता. पण दुखावला गेला तो राज्यभरचा शेतकरी. पवारांनी माफी मागितली आणि कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. जुलै २०२२ मध्ये तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी अंधेरीत म्हणाले की गुजराती आणि राजस्थानी माणूस गेला तर मुंबईत पैसा उरणार नाही. आधी विपर्यासाचा खुलासा झाला आणि मराठी माणूस एकमुखाने चिडल्यावर तीन दिवसांत क्षमायाचना आली. दुखावलेला समाज मोठा असला की जीभ ताबडतोब जागेवर येते. तो लहान असला, विखुरलेला असला, त्याची मतं आपल्याला मिळणारच नसली, की दिलगिरीची गरज उरत नाही. जिभेवर ताबा नसलेल्या माणसाला हा फरक करता आला नसता.

आपल्याच भागात बघू. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ सांगतो की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे (उसाच्या रास्त व किफायतशीर दराचे) पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. या व्याजावर ‘रोखठोक’ पुढारी किती वेळा बोलतात? त्यांतले कित्येक स्वतः साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर असतात किंवा तिथल्या कुणाचे सोयरे असतात. पंचगंगेच्या पाण्याला फेस येतो, मासे तरंगतात. कुठल्या उद्योगाचं सांडपाणी, हे नाव घेऊन स्टेजवरून कोण बोलतं? दूधगंगेतून इचलकरंजीला पाणी आणायच्या सुळकूड योजनेचा विषय काढा. इचलकरंजीकरांना पाणी हवंय, कागल-शिरोळच्या नदीकाठच्या गावांचा विरोध आहे. इचलकरंजी आणि शिरोळ दोन्ही हातकणंगले लोकसभा मतदारसंघातच येतात. तिथे फटकळातला फटकळ पुढारीही ‘सर्वांना विश्वासात घेऊन’ आणि ‘सन्मानजनक तोडगा’ असे तोललेले शब्द वापरतो. म्हणजे तोलून बोलायला त्याला येतं. कुणाविषयी तोलायचं आणि कुणाविषयी नाही, हे तो ठरवतो.

कडक भाषा सरसकट वाईट, असं मी म्हणत नाही. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेतली भाषा कधीच मवाळ नव्हती. राजू शेट्टी आणि त्यांचे कार्यकर्ते साखर सम्राटांना काय काय म्हणाले, त्याचा कोश होईल. त्यांच्या मागण्या पटोत न पटोत, त्या भाषेचं तोंड ज्याच्या हातात दर ठरवायची ताकद आहे त्याच्याकडे होतं. ती भाषा बोलणाऱ्याला लाठ्या खाव्या लागल्या, खटले अंगावर घ्यावे लागले. हे धाडस झालं. पोरक्या वस्तीवर, परगावच्या मजुरावर, स्टेजवर नसलेल्या बाईवर तोंडसुख घेण्यात कसला धोका असतो?

मग एवढं उघड असताना लोकांना हा पुढारी खरा का वाटतो? लोक भोळे आहेत, हे उत्तर मला मान्य नाही. त्यांना मऊ, सरकारी, इस्त्रीच्या भाषेने खरोखरच फसवलेलं आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर ‘पंचनामे सुरू आहेत’, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ ही वाक्यं पूरग्रस्तांनी चिखल काढता काढता ऐकली. चोरीला ‘अनियमितता’ म्हणतात, घरावर बुलडोझर चालवण्याला ‘निष्कासन’. शहरातून येणारे काही शहाणे गावच्या माणसाचा मुद्दा ऐकण्याआधी त्याचा शब्द दुरुस्त करतात, याचाही राग असतो आणि तो रास्त आहे. अमेरिकेत ओलिव्हर हाल, मिंजे किम आणि एझ्रा झुकरमन सिवान या संशोधकांनी काल्पनिक निवडणुकीचे प्रयोग करून हेच तपासलं. त्यांचा निबंध २०१८ मध्ये ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’त आला. व्यवस्था आपल्याला फसवते आहे असं ज्या मतदारांना वाटतं, त्यांना उघड खोटं बोलून संकेत तुडवणारा उमेदवार अधिक अस्सल वाटतो. तो खोटं बोलतोय हे कळत असूनही. कारण ‘त्या वरच्या लोकांची’ नाराजी ओढवून घेऊन त्याने आपण तुमच्याच बाजूचे आहोत असं दाखवलेलं असतं. २०१५ मध्ये एका वादसभेत डोनाल्ड ट्रम्पना बायकांविषयीच्या त्यांच्या अपमानास्पद शब्दांबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं ते देशाला जडलेल्या ‘पॉलिटिकल करेक्टनेस’बद्दल. प्रश्न बायकांचा होता तो बाजूला पडला आणि टाळ्या मिळाल्या. पूरग्रस्ताचा राग तहसील कचेरीकडे जायला हवा होता. तो शेजारच्या मोहल्ल्याकडे वळवायचा हाच मार्ग आहे.

आता कोल्हापूरकरांचा खास लाडका गैरसमज. "आमची भाषाच रांगडी हाय, त्यात काय एवढं?" भाषा रांगडी आहे आणि मला ती प्रिय आहे. तालमीत, कट्ट्यावर, पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीत आम्ही एकमेकांना जे बोलतो ते पुण्यात बोललो तर भांडणं होतील. पण त्यात समोरच्याला तितक्याच जोरात उलट बोलता येतं. बरोबरी असते म्हणूनच ती शिवी मायेची होते. स्टेजवर माइक एकाच्या हातात असतो आणि ज्याच्याविषयी बोलतात तो गर्दीत मान खाली घालून बसलेला. याला कोल्हापुरी रांगडेपणा म्हणणं हा कोल्हापूरचाच अपमान आहे. डिसेंबर २०२२ मध्ये उच्च शिक्षणमंत्री चंद्रकांत पाटील, आपल्याच जिल्ह्याचे, पैठणला बोलताना म्हणाले की फुले, आंबेडकर, कर्मवीर यांनी शाळा काढायला लोकांकडे भीक मागितली. त्यांचा मुद्दा असा होता की त्या काळी सरकारी अनुदानावर कुणी विसंबलं नाही, आणि तेवढ्यापुरता तो ऐकून घेण्यासारखा होता. पिंपरीत त्यांच्यावर शाई फेकली गेली, तो गुन्हाच होता. पुढे त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली. पण तोवर ‘गावाकडं असंच म्हणतात’ हा बचाव सर्वत्र फिरला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म याच हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा. रयतेने मूठमूठ धान्य दिलं आणि बोर्डिंगं चालवली, त्याला गावाकडे काय म्हणतात हे कुंभोजच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारावं.

असेच आणखी काही समज. "हे मान देऊन बोलायचं फॅड अमेरिकेतून आलं." नाही. शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढला की सरकारी नोकरीत येणाऱ्या अस्पृश्यांशी अधिकाऱ्यांनी ममतेने आणि बरोबरीने वागावं, ज्यांना जमणार नाही त्यांनी सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा आणि त्यांना पेन्शन मिळणार नाही. वागण्याबोलण्यातल्या सन्मानाला पेन्शनची किंमत लावणारा हा राजा कोल्हापूरचा होता. पुढच्याच वर्षी, २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, याच तालुक्यातल्या माणगावला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि महाराज स्वतः तिथे आले.

"वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून काय मिळतं, शब्दांत काय आहे?" डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने ती नावं बदलायचं ठरवलं तेव्हा हे ऐकलं. औरंगाबाद आणि उस्मानाबादच्या नावांसाठी तीसेक वर्षं आंदोलन करणाऱ्यांना शब्दांत काय असतं ते पुरतं ठाऊक आहे.

"दिव्यांग म्हणायला लावणं हे डाव्यांचं खूळ." हा शब्द डिसेंबर २०१५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान मोदींनी सुचवला, आणि त्यावर आक्षेप घेतला तो अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांनी.

"आमदार विधानसभेत काहीही बोलू शकतो, मग बाहेर का नाही?" अनुच्छेद १९४ चं संरक्षण सभागृहातल्या बोलण्याला आहे, चौकातल्या सभेला नाही.

"हल्ली काही बोलायची सोयच राहिली नाही." हे म्हणणारा बहुधा माइकवरच असतो. सभ्य बोललंच पाहिजे असा कायदा देशात नाही. अनुच्छेद १९(२) मध्ये बंधनांची यादी दिलेली आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कौशल किशोर खटल्यात स्पष्ट केलं की मंत्र्यांच्या बोलण्यावरही त्यापलीकडे जादा बंधनं घालता येणार नाहीत. द्वेष पसरवणाऱ्या भाषणाचं वेगळं. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ त्यासाठी आहे, आणि तक्रारीची वाट न बघता गुन्हा नोंदवा, असा आदेश न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला. बोलायची सोय खरोखर कुणाची गेली, ते नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दिसलं. बाळासाहेब ठाकरे गेल्यावर पाळलेल्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर प्रश्न विचारला, मैत्रिणीने ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली आणि त्यांच्यातल्या एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या अटकेने देश हादरला आणि २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ अ रद्द झालं. रोखठोक नेत्याच्या अनुयायांना दोन पोरींचं सौम्य शब्दांतलं रोखठोकही सोसलं नाही.

"बाळासाहेबांच्या काळी सगळं चालायचं." चालत नव्हतं. डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून डॉ. रमेश प्रभूंची आमदारकी उच्च न्यायालयाने रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी तो निकाल कायम ठेवला, आणि पुढे १९९९ मध्ये निवडणूक आयोगाच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी खुद्द बाळासाहेबांचा मतदानाचा आणि उमेदवारीचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेतला. तेव्हा न्यायालयात गेले होते ते पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे. आज लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेत कुठलाही मतदार आयोगाच्या सी-व्हिजिल सुविधेतून सभेतलं चित्रण थेट पाठवू शकतो, आणि तक्रारीवर शंभर मिनिटांत कारवाई करण्याची मुदत आयोगाने स्वतःच ठरवून घेतली आहे.