आडवी पडलेली मोटारसायकल

जर्मनींतील कानश्टाट येथें गोट्लीब डाइमलर व विल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ सालीं अंतर्ज्वलन इंजिनावर चालणारी पहिली दुचाकी सिद्ध केली. तिच्या लांकडी सांगाड्याला दोन मोठ्या चाकांखेरीज दोन्ही अंगांस एकेक लहान चाक आधारासाठीं जोडलेलें होतें. पुढें तीं आधाराचीं चाकें गेलीं, वेग वाढला, सोय वाढली. परंतु तोल सुटला कीं आडवें होण्याचा दुचाकीचा स्वभाव मात्र गेला नाहीं.

श्रोत्यांनीं पावसाळ्यांतील एखादी सकाळ डोळ्यांपुढें आणावी. कोल्हापूर जिल्ह्यांतील एक दूधवाला जुन्या मोटारसायकलीच्या दोन्ही बाजूंस दुधाचे कॅन बांधून डेअरीकडे निघाला आहे. ट्रॅक्टरनें शेतांतून रस्त्यावर आणलेल्या चिखलावरून चाक घसरतें व गाडी आडवी होते. सुदैवानें त्याला लागलेलें नाहीं. एक कॅन सांडला, दुसरा शाबूत आहे. पण डेअरीची वेळ टळली तर तेंही दूध वायां जाणार. तो घाईघाईनें गाडी उभी करतो आणि किकमागून किक मारूं लागतो. दहा होतात, वीस होतात; गाडी कांहीं सुरू होत नाहीं. दोष एकीकडे आणि श्रम दुसरीकडे. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असा हा प्रकार आहे.

अशा वेळीं पहिलें काम गाडी सुरू करणें हें नव्हेच. प्रथम चावी बंद करावी. स्वतःस व मागें बसलेल्यास इजा झाली आहे काय हें पाहावें व मग गाडी वाहतुकीच्या वाटेंतून दूर घ्यावी. गाडी उचलतांना कमरेंतून वांकून हिसका देऊं नये. बैठकीला पाठ लावून, एका हातानें हँडल व दुसऱ्यानें मागची दांडी धरून पायांच्या जोरावर ती उभी करावी. गाडी उजव्या बाजूस पडली असेल तर डावीकडचें स्टँड आधींच बाहेर काढून ठेवावें, म्हणजे ती पलीकडे कलंडत नाहीं. टांकीच्या झांकणांतून पेट्रोल सांडलें असेल तर तें पुसून काढावें, त्याचा वास जाऊं द्यावा, आणि जवळपास कोणासही विडी पेटवूं देऊं नये. तापलेला सायलेन्सर आणि सांडलेलें पेट्रोल यांची गांठ पडणें फार धोक्याचें असतें.

आतां गाडी कां अडते तें पाहूं जातां, सर्वांत साधें कारण हँडलाशींच सांपडतें. उजव्या मुठीजवळ इंजिन बंद करण्याचा तांबडा खटका असतो. पडतांना त्याला धक्का बसतो, किंवा स्वार स्वतःच घाबरून तो दाबतो आणि नंतर विसरतो. तो खटका बंद असेतों शंभर किका मारल्या तरी ठिणगी पडावयाची नाहीं. अनेक नव्या गाड्यांत बाजूचें स्टँड खालीं असलें किंवा गाडी गिअरमध्यें असली तरीही इंजिन सुरू होत नाहीं; म्हणून स्टँड वर आहे ना, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला आहे ना, हें बघून घ्यावें.

दुसरें कारण पेट्रोलचें. जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर असतो. त्याच्या तळाशीं एक वाटी असते व तींत तरंगणारा फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. गाडी उभी असेल तोंवरच ही व्यवस्था चालते. ती आडवी झाली कीं फ्लोटचा कांटा नीट बसत नाहीं आणि पेट्रोल हवेच्या वाटेनें थेट इंजिनांत उतरतें. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें पावणेपंधरा भाग हवा मिळाली तर मिश्रण नीट जळतें. येथें पेट्रोलच फार झाल्यानें प्लग भिजतो, आणि भिजलेल्या प्लगवर ठिणगी नीट पडत नाहीं. दूधवाल्याच्या वीस किकांनीं आणखी पेट्रोल आंत ओढलें गेलें, एवढेंच काय तें झालें.

यावर उत्तम औषध धीर हेंच आहे. पेट्रोलचा कॉक बंद करावा, चोक पूर्ण काढून टाकावा आणि दहा-पंधरा मिनिटें गाडी तशीच उभी ठेवावी. नंतर गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, रेसची मूठ पूर्ण उघडी धरून सात-आठ किका माराव्या, म्हणजे भरपूर हवा आंत जाऊन जादा पेट्रोल बाहेर पडतें. इंजिनानें आवाज दिला कीं मूठ लगेच सोडावी व कॉक उघडावा. एवढ्यानें न भागल्यास प्लग काढून कोरड्या फडक्यानें पुसावा. तो बाहेर असतां चावी बंद ठेवून चार-सहा किका मारल्या तर आंत सांचलेलें पेट्रोल छिद्रावाटे उडून जातें; मात्र त्या वेळीं तोंड छिद्रासमोर नसावें आणि प्लगची वायर तेथून दूर असावी.

भारतांत १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हीं प्रदूषणाचीं प्रमाणें लागू झालीं. त्यानंतरच्या बहुसंख्य मोटारसायकलींत कार्ब्युरेटर नसून पेट्रोल पंपाच्या दाबानें बारीक फवाऱ्याच्या रूपांत आंत सोडलें जातें. अशा पुष्कळ गाड्यांत कल ओळखणारें एक लहानसें यंत्र असतें. गाडी आडवी होतांच तें इंजिन बंद करतें, जेणेंकरून पडलेल्या गाडीचें चाक फिरत राहूं नये व आग लागूं नये. गाडी उभी केल्यावरही कांहीं गाड्यांत हा बंदोबस्त आपोआप उठत नाहीं. चावी पूर्ण बंद करून थोड्या वेळानें पुन्हां लावावी लागते. चावी लावतांच टांकींतून दोन-तीन सेकंद पंपाची बारीक घरघर ऐकूं आली, तर पंपाला वीज मिळत आहे असें समजावें. स्टार्टरचें बटण एका वेळीं पांच सेकंदांहून अधिक दाबूं नये. नाहीं तर मूळ दोष बाजूला राहून बॅटरी मात्र उतरते.

तिसरें कारण तेलाचें, व तें सर्वांत महाग पडणारें आहे. गाडी बराच वेळ आडवी राहिली तर इंजिनांतील तेल श्वासनळीवाटे एअर फिल्टरमध्यें शिरतें आणि कधीं कधीं नळकांड्यांतही उतरतें. हवा दाबली जाते, द्रव पदार्थ दाबला जात नाहीं. अशा स्थितींत जोर केला तर पिस्टन अडून कनेक्टिंग रॉड वांकतो. म्हणून किक मध्येंच अडली किंवा स्टार्टर ठक्क आवाज करून थांबला, तर बळजबरी करूं नये. प्लग काढून इंजिन हळूहळू फिरवावें. गाडी ओढ्याच्या पाण्यांत पडली असेल तर हाच नियम अधिक कसोशीनें पाळावा आणि मिस्त्रीला दाखविल्यावांचून ती सुरूच करूं नये. सुरू झाल्यावर थोडा वेळ सायलेन्सरांतून निळसर धूर आला तर तो आंत उतरलेल्या तेलाचा असतो. तो कमी होत गेला तर भिण्याचें कारण नाहीं. गाडी सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर टांकीच्या झांकणांतील हवेचें छिद्र चिखलानें बुजलें नाहीं ना, हें बघावें.

इंजिन सुरू झालें म्हणजे सर्व झालें असें नव्हे. रेसची मूठ सोडतांच परत येते काय, ब्रेक नीट लागतात काय, हँडल दोन्ही बाजूंस अडथळ्यावांचून वळतें काय, हें रस्त्यावर येण्यापूर्वीं पाहिलेंच पाहिजे. मूठ परत येणें तर इंजिन सुरू करण्याआधींच तपासावें. बंद पडलेली गाडी फार तर वेळ खाते. पण सुरू होऊन न थांबणारी गाडी जीव घेते.

त्या दूधवाल्यानें किक मारणें थांबवून कॉक बंद केला असता, आणि उरलेला कॅन सावलींत ठेवून पाव तास वाट पाहिली असती, तर बहुधा पहिल्या पांच-सहा किकांतच त्याचें काम झालें असतें. अडचणींत पडलेल्या माणसाला पाव तास फार मोठा वाटतो. तथापि यंत्राला माणसाची घाई कळत नाहीं; त्याला आपला क्रमच कळतो, आणि जो तो क्रम पाळतो त्याचें दूध वेळेवर पोंचतें.