डफाला ऋतू नसतो

रमजानच्या पहाटे गल्लीत डफ वाजतो, पैगंबरांच्या स्तुतीची नात गात फकीर येतो आणि सहरीच्या जेवणासाठी घरं जागी होतात. शेजारच्या हिंदू घरांनाही हा आवाज वासुदेवाच्या चिपळ्यांइतकाच ओळखीचा. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९९८ साली तो डिसेंबरच्या गारठ्यात सुरू झाला, २०१६ साली जूनच्या उकाड्यात. त्यामुळे एकाच डफानं कुणाला गोधडीतून उठवणारी आई आठवते, कुणाला गच्चीवरची रात्र. आता मोबाइलचा गजर वेळेवर उठवतो. तरी एखाद्या पहाटे फकीर आला नाही, की गल्ली चौकशी करते. ईदला त्याला घरोघरी ईदी मिळते. गजराला ती कोण देणार?