पान थांबत नाही

पत्र पेटीत टाकणारा माणूस उत्तर येईपर्यंत पेटीपाशी उभा राहत नाही. तो आपल्या कामाला लागतो, आणि उत्तर आलं की पुढचं बघतो. इंटरनेटवरची पानं आज बरीचशी याच रीतीनं चालतात. ती रीत जरा समजून घेऊ.

मोबाईलवर आपल्याला दिसतं ते अर्जाचं पान. खरं दप्तर असतं दूरच्या यंत्रात; त्याला सर्व्हर म्हणतात. पूर्वी पानावर काही निवडलं, की सबंध पान सर्व्हरकडून नव्यानं यायचं आणि तोवर हात जोडून बसावं लागायचं. आता असं पाहा: तुम्ही ‘सातारा’ जिल्हा निवडलात. सर्व्हरवर तालुक्यांची यादी काढून देण्याचं काम लिहून ठेवलेलं असतं. त्याला फंक्शन म्हणतात. पान त्या फंक्शनला हाक मारतं, सोबत जिल्ह्याचं नाव पाठवतं. ११ तालुक्यांची नावं परत येतात आणि तेवढाच रकाना भरतो. दरम्यान तुमचं लिहिणं चालूच असतं.

ही सोय मायक्रोसॉफ्टनं १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आणली. २००५ साली जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. त्याच वर्षी आलेल्या गूगलच्या नकाशांनी तिची करामत लोकांना दाखवली.

पण यात एक मेख आहे. उत्तर आलं नाही, म्हणजे काम झालं नाही, असं नव्हे! अर्ज पोचला असेल, नोंदही झाली असेल. फक्त पोचपावती वाटेत हरवली असेल. रेंज गेली की असं घडू शकतं. मग माणूस पुन्हा बटण दाबतो, आणि एका अर्जाचे दोन होतात. शुल्क असेल तर पैसेही दोनदा जातात.

याला उपाय आहे. पान तयार करणारानं प्रत्येक अर्जाला निराळा क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हरनं नवी नोंद न करता जुनीच पावती धाडावी. उत्तर येईपर्यंत बटण बंद ठेवावं आणि ‘अर्ज जात आहे’ असं स्पष्ट लिहावं.

आणि आपण काय करावं? पान गप्प राहिलं, तर घाईनं बटण दाबू नये. आधी भरलेल्या अर्जांची यादी आणि बँकेचं खातं पाहावं, मगच पुन्हा अर्ज करावा. शिक्षकबंधुभगिनींनी एवढी गोष्ट मुलांना सांगितली, तर ती घरोघरी पोचेल.